बाईंना माहीत नसलेली गोष्ट

गाईला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट असते, हे वाक्य मराठी मुलखात आजवर किती वह्यांत उतरलं असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. लिहिणाऱ्या पोराच्या दारात गाय बांधलेली असते. ती कुठल्या वेळी पान्हा चोरते, कोणाला जवळ येऊ देत नाही, यंदा कडब्याची पेंढी कितीला मिळाली, हे सगळं त्याला ठाऊक असतं. तपासणाऱ्या गुरुजींनाही गाय ठाऊक असते. तरी पोरगं चार पाय मोजतं आणि गुरुजी त्याला दहापैकी सात देतात. या व्यवहारात कोणालाच काही नवं कळलेलं नसतं, आणि कळावं अशी कोणाची अपेक्षाही नसते.

प्राथमिक शाळेतल्या मुलांना माहिती लिहायला कसं शिकवायचं, हा प्रश्न मी गेली काही वर्षं शिक्षकांना विचारतो आहे. उत्तरादाखल बहुतेक वेळा ‘प्रकल्पाची’ फाइल समोर येते. ‘पाण्याचे महत्त्व’, ‘आपले राष्ट्रीय पक्षी’, ‘प्रदूषण : एक समस्या’. मुखपृष्ठावर चमकीची पट्टी, आत नेट कॅफेतून काढलेले छापील कागद. एका फाइलीत तर खालच्या कोपऱ्यात प्लॉट विकणे आहे अशी जाहिरातही तशीच छापून आली होती. हल्ली नेट कॅफेपर्यंतही जावं लागत नाही. आईच्या मोबाइलला सांगितलं की तो ‘पाण्याचे महत्त्व’ क्षणात लिहून देतो, तेही शुद्धलेखनाच्या चुकांशिवाय. म्हणजे माहिती उतरवण्याचं काम यंत्राने घेतलं. आता शाळेने मुलांकडून नेमकं काय लिहून घ्यायचं?

याचं एक उत्तर मला सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पाहायला मिळालं. गावाचं आणि बाईंचं नाव देत नाही, ती बाईंचीच अट होती. “नाव छापलं की पाहुणे येतात, पाहुणे आले की स्वागतगीत बसवावं लागतं,” असं त्यांचं म्हणणं. बाई कोल्हापूरकडच्या, उसाच्या पट्ट्यातल्या. बदली होऊन इथे आल्या तेव्हा द्राक्षाबद्दल त्यांना ती खायची असतात, याखेरीज फारसं काही माहीत नव्हतं. वर्गात तिसरी-चौथी एकत्र बसते आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांचा संबंध बागेशी, नाहीतर बेदाण्याच्या शेडशी. फेब्रुवारी ते एप्रिल हा तिथला बेदाण्याचा हंगाम. सांगलीच्या बेदाण्याला 2016मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची बातमी कोणीतरी शाळेच्या फलकावर लावली होती. बाईंनी ती वाचली आणि वर्गाला सरळ विचारलं, “बेदाणा करतात कसा? मला खरंच ठाऊक नाही.”

मुलांचा आधी विश्वासच बसला नाही. शिक्षक प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांच्या खिशात असतं, हे पहिलीपासून शिकलेलं असतं त्यांनी. एकजण म्हणाला, “बाई, चेष्टा करताय व्हय?” मग हळूहळू खात्री पटली की बाईंना खरोखरच कळत नाही, आणि वर्गाची जीभ सुटली. जो तो बोलायला लागला. बाईंनी खडू हातात घेतला नाही. “असं नको, मला लिहून द्या,” म्हणाल्या. “मी संध्याकाळी घरी वाचीन, आणि कळलं तर उद्या सांगीन.”

दुसऱ्या दिवशी आलेले कागद बाईंनी जपून ठेवलेत. चौथीतल्या एकाचा मजकूर असा : “द्राक्षे तोडतात. पाण्यात बुडवतात. रॅकवर टाकतात. वाळली की बेदाणा होतो. बेदाणा खूप छान लागतो. आपण सर्वांनी बेदाणा खाल्ला पाहिजे.” शेवटच्या दोन वाक्यांत निबंधाची सवय डोकावली आहे. विषय कुठलाही असो, शेवटी उपदेश करायचा, हे या वयातच हाडीमाशी भिनतं. पण पहिली चार वाक्यं खरी आहेत. त्यांचा क्रमही बरोबर आहे. अडचण एवढीच, की ती वाचून बाईंना बेदाणा करता आला नसता.

बाईंनी त्या कागदावर लाल पेन लावलं नाही. खाली प्रश्न लिहिले. कसल्या पाण्यात? किती वेळ? रॅक म्हणजे काय, लाकडाचा की लोखंडाचा? उन्हात की सावलीत? वाळली हे कशावरून ओळखायचं? पोराने कागद वाचला, डोकं खाजवलं आणि शाळा सुटल्यावर तडक चुलत्याच्या शेडवर गेला. माझ्या मते माहितीलेखनाचा सगळा अभ्यासक्रम या एका फेरीत आला. आपल्याला जे ‘माहीतच आहे’ असं वाटतं, त्यात किती भोकं आहेत हे अडाणी वाचक भेटल्याशिवाय कळत नाही. शाळेत तो वाचक मिळत नाही हे आपलं खरं दुखणं. मूल लिहितं ते ज्याला आधीच सगळं येतं अशा माणसासाठी, आणि अशा माणसाला काही समजावून सांगण्याची गरज कोणाला वाटेल?

पुढच्या आठवड्यात कागदांवर वेगळ्या गोष्टी यायला लागल्या. पाणी साधं नसतं. त्यात पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ घालतात. द्राक्षं क्रेटसकट त्यात बुडवतात, दोन-चार मिनिटांत बाहेर काढतात. रॅक लोखंडी सांगाड्याचा, त्यावर जाळी, मजल्यावर मजले. वर हिरवं शेडनेट, कारण थेट ऊन लागलं तर माल काळा पडतो, आणि काळ्या मालाला सौद्यात भाव नाही. नंतर रॅकवरच दोन-तीन वेळा औषधाची फवारणी. पंधरा दिवसांच्या आसपास रॅक हलवून माल खाली पाडायचा. मग गंधकाची धुरी, मग प्रतवारी, मग कोल्ड स्टोअरेज. मध्येच अवकाळी पाऊस आला तर? “तर पप्पा बोलत नाहीत कोणाशी,” असं तिसरीतल्या एका मुलीने लिहिलं होतं. वर्गात चर्चा झाली की ही माहिती आहे की नाही. बहुमताने ठेवायची ठरली. मला तो निर्णय बरोबर वाटतो.

‘चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा’ हे तिथलं प्रत्येक पोर झोपेतही सांगेल. बाई म्हणाल्या, “हे कोणी मोजलंय?” कोणीच नव्हतं मोजलं. ऐकलेलं होतं. मग किराणा दुकानाचा वजनकाटा मागून आणला, एक किलो द्राक्षं तोलली, एका शेडमालकाच्या परवानगीने रॅकच्या कोपऱ्यात सुतळी बांधून वेगळी ठेवली. माल उतरला त्या दिवशी पुन्हा तोलली. पाव किलोच्या जरा खाली भरली. आता वादाला तोंड फुटलं. एक गट म्हणाला पाव किलोच लिहा, सगळे तेच म्हणतात. दुसरा गट म्हणाला, काट्याने जे दाखवलं ते लिहा. तिसरी एक शंका अशी आली की, पहारा कोणी केला होता, उंदराने चार मणी नेले असतील तर? शेवटी लिहिलं ते असं : “लोक म्हणतात चाराला एक. आम्ही मोजलं तेव्हा थोडं कमी भरलं. एकदाच मोजलं.” त्या ‘एकदाच मोजलं’ला मी दाद देतो. संशोधनाच्या प्रबंधांतही इतका प्रामाणिकपणा नेहमी आढळत नाही.

डिपिंग का करतात, या प्रश्नावर मात्र गाडी अडली. शेडवाल्या काकांनी सांगितलं, “तेलानं साल पातळ होते.” दुसरे एकजण म्हणाले, “चकाकी येते.” तिसऱ्यांनी सांगितलं, “बापजाद्यापासून करतोय, कशाला इचारतोस?” बाईंनी कृषी पदवीधर असलेल्या एका पालकांना वर्गात बोलावलं. त्यांनी सांगितलं की द्राक्षाच्या सालीवर मेणाचा बारीक थर असतो, तो आतलं पाणी सहज बाहेर जाऊ देत नाही. द्रावणामुळे त्या थरात वाट होते आणि पाणी झपाट्याने उडतं. तसं केलं नाही तर फळ वाळायला कितीतरी जास्त दिवस लागतात. मुलांनी हे लिहिलं, आणि प्रत्येक कारणापुढे कंसात सांगणाऱ्याचं नाव टाकलं. कोणी सांगितलं ते लिहायचंच, हा बाईंचा वर्गातला एकमेव कडक नियम. स्पेलिंग चुकलं तर चालतं, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू, पण माणूस गाळला तर कागद परत.

भाषेचं काय, असं मी विचारलं. पहिल्या कागदांवर ‘वाळत्यात’, ‘टाकत्यात’, ‘न्हाय’ असंच होतं. बाई ते खोडत नाहीत. पहिला कागद बोलीत, शेवटचा पुस्तकी मराठीत, आणि मधला जसा जमेल तसा. कारण त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं : मूल एका वेळी दोन ओझी उचलू शकत नाही. आठवून, विचारून, क्रम लावून लिहिणं हे एक ओझं. ‘आहेत’ की ‘हायत’ हे दुसरं.

या वर्गात एक मुलगी आहे. आई-वडील जतकडचे, घरात कानडी बोलतात, हंगामात शेडवर कामाला येतात आणि तिथेच राहतात. मुलगी चौथीत असून परिच्छेद सलग वाचताना अडखळते. ‘असर’च्या सर्वेक्षणात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता न येणाऱ्या वरच्या वर्गातल्या मुलांविषयी दरवेळी वाचतो, त्यांच्यातलीच ती एक. पण रॅकमध्ये सर्वांत खालच्या मजल्यावर माल उशिरा का वाळतो, हे वर्गात फक्त तिला ठाऊक होतं, कारण तिची आई रोज ते बघते. (खालच्या मजल्याला वारा कमी लागतो.) बाईंनी तिला लिहायला लावलं नाही, चित्र काढायला लावलं. रॅकचं चित्र, प्रत्येक भागाला रेघ आणि रेघेपुढे एक शब्द. जाळी. पाईप. नेट. वारा. मग इतर मुलांना पाठवलं तिची मुलाखत घ्यायला. ती उभी, समोर चार जण वही घेऊन. एरवी या चौघांची वही बघून ती उतरवायची. माहितीच्या लिखाणात ही एक उलथापालथ होते, गोष्टीच्या किंवा कवितेच्या तासाला ती क्वचितच दिसते. ज्याच्या घरी पुस्तकं आहेत त्याचा वरचष्मा अर्धा तास तरी मोडतो.

आता सगळ्यांचे कागद गोळा झाले. पन्नास तुकड्यांचं एक लिखाण करायचं कसं? इथे बाईंनी वापरलेली रीत मी आधी पुस्तकात वाचली होती. इटलीत, फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातल्या बार्बियाना नावाच्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूने शेतकऱ्यांच्या नापास मुलांसाठी शाळा चालवली होती. तिथल्या आठ मुलांनी मिळून लिहिलेलं पुस्तक 1967मध्ये प्रसिद्ध झालं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने सुधा कुलकर्णी यांनी आणलं. ही मुलं एकत्र कशी लिहीत? सुचेल तो मुद्दा एका चिठ्ठीवर, कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा. एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. तोच मुद्दा दोनदा आला असेल तर एक काढून टाकायची. एका विषयाच्या चिठ्ठ्यांचा एक ढीग, तो झाला भाग. ढिगातले छोटे ढीग, ते झाले परिच्छेद. मग क्रम. मग फालतू शब्द कोण जास्त काढतो याची चढाओढ. आणि शेवटी बाहेरच्या लोकांना, शक्यतो फार न शिकलेल्यांना, वाचून दाखवायचं.

तासगावच्या त्या वर्गात टेबल नाही, सतरंजी आहे, आणि चिठ्ठ्यांसाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आहेत. उन्हाळ्यात त्यांना तोटा नसतो. मी गेलो तेव्हा सतरंजीवर ‘चि. सौ. कां.’ची उलटी रास पडली होती आणि ‘डिपिंग’च्या ढिगावर दोघांचं भांडण चाललं होतं. द्रावण बनवणं हे ‘तयारी’त जाईल की ‘डिपिंग’मध्ये? अर्धा तास त्यात गेला. मला वाटलं बाई मध्ये पडतील. त्या चौथीचं गणित तपासत बसल्या होत्या.

या कामाचे मराठीतले पूर्वज शोधायचे तर फार मागे जावं लागत नाही. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ 1863चं, त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गांव-गाडा’ 1915चा. दोन्हींत डोळ्यांनी पाहिलेलं, विचारून घेतलेलं, मोजून मांडलेलं आहे. अशी खणखणीत माहितीची भाषा मराठीला अवगत असताना शाळेच्या वाट्याला मात्र ‘नदीचे आत्मवृत्त’ आणि ‘सूर्य उगवला नाही तर’ का आले, हे कोडं आहे. माझा कल्पनेवर राग नाही. पण नदीचं आत्मवृत्त लिहिणाऱ्या किती मुलांना आपल्या गावची नदी उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात आटते हे विचारलं जातं?

विचारणारे होते आणि आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तिथे परिसर हा शिकण्याचा मध्य होता. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेतून वाचन-लेखनाच्या सुरुवातीचा पायाच मुलाच्या बोलण्यावर रचला. पालघर जिल्ह्यात नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ आदिवासी भागातल्या शाळांमध्ये भाषाशिक्षणाचं काम करते. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात जयश्री रामदास यांनी प्राथमिक वर्गांसाठी केलेल्या ‘स्मॉल सायन्स’च्या पुस्तकांत मुलाने स्वतः पाहून, मोजून, चित्र काढून नोंद करायची असते. बालभारतीनेही तिसरीसाठी जिल्हावार परिसर अभ्यासाची पुस्तकं काढली होती. ही मंडळी एका विचाराची नाहीत, पण मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला लिखाणात जागा द्यायची, यावर त्यांचं एकमत असावं.

लहान मुलांना गोष्टीच लागतात, माहिती त्यांना रुक्ष वाटते, असा एक समज शिक्षकांमध्ये पक्का आहे. तो आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधिकेने बॉस्टन परिसरातल्या पहिलीच्या वीस वर्गांचं निरीक्षण केलं होतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, माहितीपर मजकुराला मिळणारा वेळ दिवसाला सरासरी 3.6 मिनिटं निघाला. समज किती खरा हे बघायचं असेल तर सहा वर्षांच्या पोराला जेसीबीबद्दल विचारावं.

खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत. बहुवर्ग अध्यापन, निवडणुकीची कामं, ऑनलाइन भरायच्या माहित्या, सर्वेक्षणं. आकारिक मूल्यमापनात ‘प्रकल्प’ आणि ‘उपक्रम’ यांना जागा आहे, पण ती जागा फाइलींनी भरते. आणि पालक. तासगावच्या त्या शाळेतही एका पालकाने विचारलं, “शिष्यवृत्तीला ह्याचा काय उपयोग?” शिष्यवृत्तीची परीक्षा बहुपर्यायी, गोल काळे करायचे, तिथे वाक्य लिहावंच लागत नाही. प्रश्न चुकीचा नव्हता. बाईंनी त्यांना खोटं आश्वासन दिलं नाही. “शिष्यवृत्तीला थेट उपयोग नाही, त्याचा सराव वेगळा घेते,” म्हणाल्या, आणि तो त्या सकाळी शाळेआधी घेतातही. दोन्ही करावं लागतं. एकाच शिक्षिकेने दोन्ही किती वर्षं करत राहायचं, याचं उत्तर मला देता येणार नाही.

‘बेदाणा कसा होतो’ अखेर आठ पानांचं झालं. ते वाचायला कोण? गावात तर सगळ्यांना बेदाणा येतो. बाईंची एक डी.एड.ची मैत्रीण रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षिका आहे, तिच्या शाळेला ते पोस्टाने पाठवलं. तिथल्या मुलांनी आयुष्यात द्राक्षबाग पाहिलेली नाही. जूनमध्ये उत्तर आलं, त्यात एकोणीस प्रश्न होते आणि सोबत ‘आमसूल’ नावाची त्यांची पुस्तिका. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं कितीतरी वेळा. तासगावच्या पोरांना यातलं वाळवणं लगेच कळलं. परत परत बुडवणं कळेना. आमचा माल एकदा बुडवला की वाळतो, ह्यांचा पुन्हा ओला का करतात? प्रश्नांचा कागद तयार झाला. कोकणच्या एकोणीस प्रश्नांतला एक मात्र सगळ्यांना झोंबला : “तुम्ही लिहिलंय की औषध मारतात. मग ते आमच्या पोटात जातं का?” आठ पानांत याचं उत्तर नव्हतं, आणि ते पुन्हा शेडवर जाऊन विचारायला कोणी तयार होईना. शेवटी एक मुलगा गेला. मालकाने त्याला बेदाणा धुवून कसा घेतात ते दाखवलं आणि बाकीचं ‘कंपनीला विचारा’ म्हणून सांगितलं. मुलांनी तेही तसंच लिहिलं.

यंदाचा विषय गलाई. खानापूर-तासगावकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर विखुरली आहेत, वर्गातल्या तिघांचे काका-मामा दक्षिणेत आहेत. बाईंना त्यातलंही काही येत नाही, हे आता मुलांना आवडू लागलंय. मुलाखत फोनवर, स्पीकर चालू ठेवून. मी होतो तेव्हा कोइमतूरचे एक काका बोलत होते. मूस, भट्टी, जुन्या दागिन्यांची आटणी, तेजाबाचा वास, सगळं मोकळेपणाने सांगितलं. चौथीतल्या एकीने विचारलं, “एका तोळ्यामागं तुमाला किती सुटतं?” काका हसले. म्हणाले, “ते न्हाय सांगायचं, पोरी.” फोन बंद झाल्यावर वाद सुरू झाला. उत्तरच मिळालं नाही तर प्रश्न खोडायचा की ठेवायचा? मधली सुट्टी झाली तरी मिटेना. घंटा झाल्यावर त्या मुलीने लग्नपत्रिकेची कोरी बाजू ओढली आणि लिहिलं : “किती पैसे मिळतात ते काकांनी सांगितले नाही. आम्ही विचारले होते.”